माहेरचा ताप

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत मी त्याला एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा तो घरभर फिरायचा आणि मी ताटली घेऊन त्याच्या मागे. त्यामुळे एका सकाळी तो शेवंतीच्या करंड्यांशेजारी गोणपाटावर गप्प पडून राहिला, तेव्हा हात लावायच्या आधीच मला कळलं, याला ताप आहे.

नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. आमचं घर मखमलाबादच्या पुढे, मळ्यात. सासरचा गुलाब आणि शेवंतीचा धंदा. उजाडता उजाडता तोडणी, मग जुड्या बांधायच्या, मग मिस्टर एम-एटी स्कूटरला दोन्ही बाजूंनी करंड्या अडकवून नाशिकच्या फुलबाजारात जायचे. लग्नसराई होती. आजारी पडायला घरात कुणालाच सवड नव्हती.

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, लाल औषधाची बाटली दिली. ताप उतरायचा आणि औषधाचा अंमल गेला की पुन्हा चढायचा. मग अंगावर पुरळ उठलं. सासूबाईंनी त्याचा सदरा वर करून पाहिला आणि निकाल देऊन टाकला.

"गोवर आहे. आता औषधं बंद. कडुनिंबाचा पाला आणा, अंगावरून फिरवा. आणि घरात फोडणी द्यायची नाही."

गोवर मी पाहिला होता, नणंदेच्या मुलांना झालेला. त्यात मुलं मलूल होतात, नाक गळतं, खोकला येतो. हा खोकत नव्हता. हा चिडला होता. चादर नुसती पायाला लागली तरी किंचाळायचा. मांडीवर घेतलं तर खाली ठेव, खाली ठेवलं तर उचल. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. ओठ फुटून त्यांवर रक्त सुकलेलं. मी त्याच्या हातात बिस्किट दिलं, ते पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. तेव्हा मी त्याची मूठ माझ्या हातात घेतली. बोटं इतकी सुजली होती की ती मिटतच नव्हती.

"आत्या, गोवरात हात सुजतात का हो?"

सासूबाई निंबाचा पाला फिरवता फिरवता थांबल्या. "एखाद्याला सुजत असतील," म्हणाल्या. पण हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी बाहेर जाऊन मिस्टरांना म्हटलं, "गाडी काढा. नाशिकला जायचंय."

"अगं, करंड्या भरून झाल्यात. फुलं टाकून येतो, मग जाऊ."

"फुलं राहू द्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि करंड्या सोडल्या.

गंगापूर रोडला मुलांच्या एक डॉक्टर होत्या. तरुण होत्या, दवाखाना नवाच होता, भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. त्या म्हणाल्या, "जीभ दाखव बाळा." तो कशाला दाखवतोय. रडायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं आणि मीही पाहिलं. जीभ पिकलेल्या तुतीसारखी झाली होती, लाल आणि दाणेदार. मॅडमनी मानेखालची गाठ चाचपली, तळहात पाहिले, तळपाय पाहिले, ताप कधीपासून आहे ते दोनदा विचारलं. मग आतल्या खोलीत जाऊन कुणाशीतरी फोनवर बोलल्या. मला दारातून फक्त त्यांची पाठ दिसत होती. त्या पाठीवरून काही कळतंय का, हे मी बघत होते.

बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हा गोवर नाही. एका जपानी डॉक्टरांच्या नावाचा आजार आहे. यात शरीरातल्या रक्तवाहिन्यांना सूज येते."

"ताप उतरेल ना?"

"ताप तर आपोआपही उतरतो. भीती तापाची नाही ताई. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात, त्या या सुजेनं फुगू शकतात. त्याआधी औषध जायला हवं."

"पण होतं कशानं हे?"

"ते अजून नक्की कुणालाच माहीत नाही."

हे उत्तर मला सोसवेना. तापाला कारण असतं. पावसात भिजला, उघड्यावरचं खाल्लं, नजर लागली, काहीतरी असतं. कारण नसलेल्या तापाशी भांडायचं तरी कसं?

औषध नाशिकमध्ये नव्हतं. माणसांच्याच रक्तातून काढलेलं औषध, आणि ते थंड ठेवावं लागणार. माझे धाकटे दीर मुंबईला गेले आणि बर्फात ठेवलेल्या बाटल्यांचा थर्माकोलचा खोका मांडीवर धरून परत आले. जीपला खड्डा लागला की आपणच खोक्याखाली हात घालत होतो, असं ते पुढे कितीतरी वर्षं सांगायचे. सलाईनसारखं ते औषध थेंब थेंब आत गेलं. दुसऱ्या दिवशी ताप गेला, आणि मुलानं डोळे उघडून चपाती-गूळ मागितला.

घरातले सगळे सुटले. मी काही सुटले नाही. कारण हृदयाची सोनोग्राफी झाली तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं: डाव्या बाजूची एक नळी एके ठिकाणी फुगली होती. उसाच्या कांडीला पेर असतं तिथं कांडी जाड असते, तशी. रक्त पातळ राहावं म्हणून बारीक गोळी सुरू झाली. "हळूहळू पूर्ववत होऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "तोवर फार दमू देऊ नका."

याला दमू देऊ नका! जो मुलगा जेवताना बसत नव्हता त्याला. तो अंगणात पळाला की माझ्या छातीत धडधडायचं. नाही पळाला की आणखी धडधडायचं.

घरी आल्यावर थोड्या दिवसांनी मी त्याला वरण-भात भरवत होते. त्यानं बोट तोंडात घालून बाहेर काढलं, तर नखाच्या कडेनं कातडी सुटून लोंबत होती. भाजलेल्या शेंगदाण्याचं फोल निघावं तशी. असं होणार, घाबरू नका, असं मॅडमनी बजावलं होतं, त्यामुळे आजारापायी मी घाबरले नाही. घाबरले ते दुसऱ्याच गोष्टीला. ही कातडी मी आधी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, माझ्या बोटांनी ओढून काढली होती.

माझं माहेर सायखेड्याचं, गोदावरीच्या काठचं. तिकडे नदीला गंगाच म्हणतात. मला एक धाकटा भाऊ होता. संक्रांतीच्या सुमारास गल्लीत पतंगामागे धावता धावता तो पडला, तो उठलाच नाही. साप चावला असेल म्हणून कुणी त्याचे पाय तपासले, कुणी नाकाशी कांदा फोडून धरला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याआधी एकदा, तो लहान असताना, त्याला मोठा ताप आला होता. त्या तापानंतर त्याच्या बोटांची सालं निघत होती. आम्ही दोघं ओट्यावर बसायचो, मी त्याच्या बोटांची सालं ओढायचे आणि गुदगुल्या झाल्यासारखा तो खिदळायचा. मी तेव्हा फ्रॉकमधली पोर. इतकी वर्षं ती आठवण माझ्या डोक्यात कुठेतरी पडून होती, पण तिचा त्याच्या जाण्याशी काही संबंध असेल, हे माझ्या मनाला शिवलं नव्हतं.

आईच्या मनानं मात्र संबंध कधीच जोडला होता, वेगळाच. ताप हटेना तेव्हा तिनं नवस बोलला होता, पोरगं बरं झालं की गंगेत अंघोळ घालीन. ताप गेला आणि तिनं थंडीच्या दिवसांत त्याला नदीत बुडी दिली. तो गारठा पोराच्या काळजात बसला आणि पुढे त्यानंच त्याला नेलं, असं आईनं धरून ठेवलं होतं. ती हे कुणाला समजावून सांगायची नाही. पण तो गेल्यापासून ती घाटाच्या पायऱ्या उतरली नव्हती. धुणं हापशावर धुवायची, सणाच्या अंघोळीलाही घरातच सगळ्यांना पाणी तापवून द्यायची.

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कातडी निघाल्याचं नक्की आठवतं तुम्हाला?"

"माझ्या बोटांना आठवतं."

त्यांनी मुलाचा हात धरून बोटं पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "असू शकतं. खात्री कुणीच देऊ शकणार नाही, कारण तपासायला आता काही उरलेलं नाही. पण एकाच घरात हा आजार पुन्हा दिसल्याचं आढळतं. काही मुलांना जन्मतःच काहीतरी मिळालेलं असावं."

"म्हणजे आनुवंशिक आहे?"

"आजार मिळत नाही ताई. आजाराकडे झुकणं मिळतं. बाहेरून बहुधा एखादा साधा जंतू येतो, तो गावभरच्या मुलांना येतो. सर्दी होते, जाते. एखाद्याचंच शरीर त्याच्यावर असं भडकून उठतं, आणि भडकतं ते स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर. ते भडकणं घराण्यातून येत असावं, असा अंदाज आहे."

परत येताना मिस्टर गाडी चालवत होते. मळ्याच्या वळणावर मान मागे वळवून म्हणाले, "आपल्या गुलाबाचं बघ. धुकं सगळ्या वाफ्यांवर सारखंच पडतं. भुरीचा रोग येतो तो त्या लाल वाणावरच आधी. म्हणून आपण तो उपटून टाकतो का? त्याच्यावर लक्ष ठेवतो."

ते मला धीर देत होते, हे कळत होतं. तरी मी म्हणाले, "झाडाला आई नसते."

घरी त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हा माहेरचा ताप म्हणायचा." मला वाटतं, त्यांच्या मनात तेव्हा टोचायचं नसावं. पण ते टोचलं, आणि आत मोडून राहिलं.

मला राहवेना. मुलगा जरा सावरल्यावर त्याला सासूबाईंजवळ ठेवून मी सायखेड्याची एसटी धरली. सगळ्या वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. मला वाटत होतं मी आईसाठी काहीतरी मोठं घेऊन चालले आहे. इतकी वर्षं छातीवर धोंडा ठेवून जगलेल्या बाईला मी सांगणार होते, की तो धोंडा तुझा नाहीच.

आई दारात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. दादा, म्हणजे माझे वडील, आत खाटेवर होते. मी तिच्यासमोर बसले आणि एकदम सांगून टाकलं.

"आई, तो गार पाण्यानं नाय गेला."

कोण, असं तिनं विचारलं नाही. तिचे हात तसेच चालू राहिले. मी सगळं सांगितलं. माझ्या मुलाचे डोळे, ओठ, जीभ, सुजलेले हात, सोललेली बोटं. तिनं एकेका खुणेला मान हलवली. तिला सगळं आठवत होतं, माझ्यापेक्षा जास्त. "जीभ तर कशी रगतासारखी झालती," ती म्हणाली. मग मी हृदयाच्या नळीचं सांगितलं. फुगलेली नळी पुढे कधीतरी धावताना अचानक बंद पडू शकते, हेही सांगितलं.

"म्हंजी तो आजारच तसा व्हता," ती म्हणाली.

"हो. तुझ्या अंघोळीचा काही संबंध नाय."

"मग तुझ्या पोराला का झाला? तू कुठं त्याच्या आजाराला शिवलीस? वर्षं लोटली."

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते थोडं रक्तातून येतं. घराण्यातून."

आईचे हात थांबले.

"कुणाच्या?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. सगळ्या वाटेत जुळवलेल्या वाक्यांत याचं उत्तर नव्हतं.

"पाणी गार व्हतं," आई सावकाश बोलू लागली. "ते माझ्या हातात व्हतं. चुकले मी. मंग तुम्हा कुणालाच परत गार पाण्यात घातलं नाय. चूक व्हती म्हणून ती परत करायची नाय, येवढं तरी करता येत व्हतं. रगताला काय करू? ते माझ्यातून त्याच्यात गेलं, तुझ्यात गेलं, तुझ्यातून ह्या लेकरात गेलं. तू सांगायला आलीस का मी एक नाय, दोन पोरं..."

मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं मेथी उचलली.

आतून दादांचा आवाज आला. भावाचा विषय निघाला की ते एरवी उठून बाहेर जायचे. "तुझ्याच रगतातून कशावरून? माझा एक भाऊ ल्हानपणीच गेला, त्याला काय झालतं ते कुणाला ठावं. माझ्याकडून बी आलं असंल."

"तुम्ही गप बसा," आई म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज बदलला होता. दादा गप बसले नाहीत. काठी टेकत दाराशी आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. "गप कशापाई? पोर दोघांचं व्हतं," म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघाले. आई फाट्यापर्यंत पोचवायला आली, पण मुलाची गोळी वेळेवर देते का, एवढंच तिनं विचारलं. खिडकीशी बसून मला सारखं वाटत होतं, हे मी काय केलं. एक ओझं उतरवायला गेले आणि त्याच्या जागी दुसरं ठेवून आले.

त्यानंतरची वर्षं मी बसून काढलेली मला आठवत नाहीत, सगळी उभ्यानं काढल्यासारखी वाटतात. दुसरं मूल नकोच, असं मी ठरवलं होतं. मॅडमनी समजावलं, शक्यता जास्त म्हणजे खात्री नव्हे, बहुतेक भावंडांना हा आजार होत नाही. मिस्टर काहीच म्हणाले नाहीत, आणि त्यांचं काही न म्हणणंच मला जड झालं. शेवटी मुलगी झाली. तिचं रडणं ऐकून सगळ्यांना आनंद झाला. मी मात्र दाईला आधी विचारलं, ओठ कसे आहेत?

मुलांना शिंक आली की मी बॅटरी घेऊन तयार. "जीभ दाखव." मळ्यात कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांनाही मी सोडलं नाही. पुढे पुढे ती मुलं मला बघितलं की लांबूनच जीभ काढून दाखवायची आणि हसत पळायची. मिस्टर म्हणायचे, सगळा गाव तुला वाकुल्या दाखवतोय. थोरल्याची ती नळी मात्र प्रत्येक तपासणीत थोडी थोडी आवळत आली. एकदा मॅडम हसून म्हणाल्या, "आता पळू दे त्याला." तो पळाला. शाळेच्या मैदानाच्या तारेला धरून मी उभी राहायचे. त्याला लाज वाटायची, मग मी रस्त्यापलीकडे उभी राहू लागले.

मुलगी तीन वर्षांची झाली त्या वर्षी नाशिकला कुंभमेळा होता. फुलांना कधी नव्हे अशी मागणी. हार ओवायला हात कमी पडत होते, म्हणून आई सायखेड्याहून येऊन राहिली होती. पर्वणीच्या आदल्या आठवड्यात मुलीला ताप आला.

मी लगेच दवाखाना गाठला. डोळे जरा लाल होते, पण पुरळ नव्हतं, हात सुजलेले नव्हते, जीभ साधारण. मॅडमनी रक्त तपासलं. "सध्या साथीचा तापही खूप आहे," म्हणाल्या. "पण तुमचं घर वेगळं आहे. काहीही नवीन दिसलं तर थांबू नका, तडक या."

ताप हटत नव्हता. मी तासातासाला तिला उलटसुलट करून बघत होते. ती वैतागून हात झटकायची. पर्वणीच्या दिवशी सकाळी आई तिचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. कोमट पाणी घेतलं होतं तिनं. पुसता पुसता तिनं मला हाक मारली.

"ह्या लसीच्या खुणेला काय झालं गं?"

मुलीच्या डाव्या दंडावर तान्हेपणी टोचलेल्या लसीचा वण होता, तांदळाएवढा. तो वण लाल होऊन फुगला होता, जणू कालच टोचलंय. मी जीभ, हात, पाय, डोळे सगळं बघत होते. दंडावरचा जुना वण बघायचं मला सुचलं नव्हतं.

रस्ते बंद होते. मखमलाबाद नाक्याच्या अलीकडेच बांबू बांधलेले. मिस्टरांनी गाडी तिथेच लावली आणि मुलीला खांद्यावर घेतलं. पोलीस म्हणाला, "अहो, सगळे तिकडे चाललेत, तुम्ही उलटे कुठे?" मिस्टर म्हणाले, "दवाखान्यात." त्यानं बांबू वर केला. आम्ही गर्दीच्या उलट चालत होतो. समोरून माणसांचे लोंढे येत होते, डोक्यावर बोचकी, हातात तांबे. अंघोळ करून परतणाऱ्या बायकांच्या कडेवर ओली, थरथरणारी मुलं होती. आईनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पदर घट्ट खोचून ती माझ्याही पुढे चालत होती, आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होती, "सरका. पोर आजारी हाय. सरका."

मॅडमनी दंडावरचा वण पाहिला आणि लगेच नर्सला हाक मारली. "लसीची जागा अशी लाल होणं ही लहान मुलांत याच आजाराची खूण असते," त्या म्हणाल्या. "बाकीची लक्षणं अपुरी आहेत. तुमच्या घरात आधी झालेलं नसतं तर मी कदाचित अजून थांबले असते. आता थांबायचं नाही."

या वेळी औषध नाशिकमध्येच मिळालं. थेंब पडू लागले, ताप गेला. सोनोग्राफीत नळ्या स्वच्छ होत्या. "वेळेत झालं," मॅडम म्हणाल्या. मला ते दोनदा विचारावं लागलं.

दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. रस्ते उघडले नव्हते, त्या एवढं अंतर चालत आल्या होत्या. बाकावर माझ्या आईच्या शेजारी बसल्या. थोडा वेळ पदरानं वारा घेत राहिल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या लेकराची आठवण निघाली म्हणून हिचं निभावलं बरं. नाहीतर कुणाला कळलं असतं?"

चांगल्या मनानंच म्हणाल्या त्या. आईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"हिचं निभवायला त्याला जावं लागलं व्हय?"

सासूबाईंचा वारा घेणारा पदर थांबला. मग त्यांनी डबा उघडला, भाकरी मोडली, तिच्यावर पिठलं घातलं आणि आईच्या हातात दिली. "खा," एवढंच म्हणाल्या. आईनं खाल्लं. माहेरचा ताप हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

पुढे मुलगा दहावीला गेला. शाळेत आनुवंशिकतेचा धडा होता. आई-बापांच्या गुणांची अक्षरं, मोठी आणि लहान, चौकटीत मांडून मुलं कशी निपजतील ते काढायचं. तो पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"मम्मी, माझ्या मुलांना होईल का ते?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं आणि हा आपल्या मुलांचं विचारत होता. मी म्हटलं, मॅडमना विचार. पुढच्या तपासणीत त्यानंच विचारलं, मला बाहेर बसायला सांगून. बाहेर आल्यावर सांगितलं ते असं, की इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त, पण होईलच असं नाही. काही जनुकं सापडताहेत म्हणतात, पण रक्त तपासून आधी सांगता येईल इतकं अजून कुणाला जमलेलं नाही. "मला लक्षात ठेवायला सांगितलंय," तो म्हणाला. "आणि बायकोला सांगून ठेवायला." मग कान लाल करून तो गाडीकडे चालू लागला.

त्या मे महिन्यात आम्ही सायखेड्याला गेलो. दादा नव्हते आता. संध्याकाळी आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती, दोन्ही मुलं तिच्याजवळ. मी आत चहा टाकत होते. मुलाचा आवाज आला.

"आजी, मामा कसा होता?"

त्या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. तो कसा गेला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. मी पातेलं तसंच ठेवून दाराआड येऊन उभी राहिले. आई आता उठून जाईल, नाहीतर रडेल, अशी माझी खात्री होती.

"लय वांड व्हता," आई म्हणाली.

मग तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली आणि सांगू लागली. शेजारच्यांकडे गाईची धार काढायची वेळ झाली की हा गुपचूप जाऊन वासराचं दावं सोडायचा. वासरू सगळं दूध पिऊन टाकायचं. शेजारीण रोज वासराला शिव्या द्यायची, दावं बदलायची, गाठी पक्क्या करायची. एके दिवशी ती दाराआड लपून राहिली आणि यालाच पकडलं. कान धरून आणलं आमच्या दारात. तर हा म्हणतो कसा, "काकू, ते रडत व्हतं. तुमीच सांगा, त्याच्या आईचं दूध तुमी का काढता?"

मुलगी खो खो हसली. आईही हसली. पदर तोंडाला लावून हसली, मग पदर काढून हसली. "ती बया पुढं रोज आधी वासराला पाजायची," ती म्हणाली. "त्याच्या धाकानं."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी त्याची सख्खी बहीण, त्याच घरात वाढलेली. मुलगा विचारत होता, अजून काय करायचा? आणि आई सांगत होती. मी आत वळले, चहा उतू जाऊन चूल विझली होती. ती पुन्हा पेटवायला मी वाकले, पण बाहेर गोष्ट चालू असताना बसवेना. उठून पुन्हा दाराशी आले.